मालू कोणाची वाट पाहते

सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर
१२ जानेवारी २०२५

चि. मंगल हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

पाकीट जड लागलं असेल. घाबरू नकोस, त्यात कोर्टकचेरीचं काही नाही. माझ्या पुस्तकाची पहिली ऐंशी पानं आहेत.

बावीस वर्षं मी या पुस्तकावर बसलोय, कोंबडी अंड्यावर बसते तसा. फरक इतकाच की कोंबडीखालून एकविसाव्या दिवशी काहीतरी बाहेर येतं. चुडामण कवीचं 'थडीआख्यान', आपले अण्णा पावसाळ्यात संध्याकाळी वाचायचे ते, तुला आठवत असेल. तापीच्या थडीवर, म्हणजे काठावर, बसून राहिलेल्या मालूची गोष्ट. आपल्याच गावची, चारशे वर्षांपूर्वीची. मूळ ओव्या एकशे चाळीस, त्यावर माझ्या टिपा नऊशे. ज्योत्स्ना म्हणते, कवी एक शब्द बोलला की तुम्ही सात बोलता, आणि घरात मी सात बोलले तरी एकाचं उत्तर नाही.

आता वाचनालयाचं मंडळ पुस्तक छापायला तयार झालंय. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, प्रकाशन. पण चिटणीस सुधाकर, माझ्याच वर्गात नववीला दोनदा बसलेला, त्याने मला दोन अटी घातल्या. एक म्हणजे शेवटी 'आजच्या काळात या काव्याचा उपयोग काय' असं प्रकरण पाहिजे. दुसरी, एका सामान्य वाचकाचा अभिप्राय पाहिजे. म्हणाला, "सर, तुमचं लिहिलेलं कोणाला समजतं का, ते तरी कळू द्या." पस्तीस वर्षं शिकवून हे फळ.

सामान्य वाचक शोधायला निघालो तर गावात कोणी सापडेना. ज्योत्स्ना तिसऱ्या पानावर झोपली. ललितला इंदूरला फोन केला तर म्हणाला, "पप्पा, पीडीएफ भेज दो," आणि पुढे त्याचा आवाज नाही. मग तू आठवलीस. आठवी पास, अक्षर मोत्यासारखं, आणि अण्णांच्या मांडीला मांडी लावून हे काव्य ऐकलेली. याहून सामान्य वाचक मला मिळायचा नाही.

फोन करत नाही, कारण कानातलं मशीन फोन लावला की शिट्ट्या मारतं. मागच्या खेपेला तू बराच वेळ काही सांगत होतीस आणि मी "वा, छान, छान" म्हणत होतो. पंधरा दिवसांनी कळलं की तुझी म्हैस मेली होती. तेव्हा पत्रच बरं. मोकळेपणाने लिही.

तुझा,
दादा


बहादरपूर
२४ जानेवारी २०२५

ती. दादास मंगलचा नमस्कार.

पाकीट सहा दिवसांनी मिळालं. तुझ्यामाझ्या घरात सहा किलोमीटर अंतर. मतलब तुझं पत्र रोज किलोमीटरभर चालत आलं. मोहित रोज सकाळी केळीची गाडी घेऊन तुझ्या गल्लीच्या तोंडावरून मंडीत जातो. म्हणे, "मामाले सांग ना, पाकीट माझ्या हाती देत जा." मी म्हटलं, बेटा, मामा विद्वान आहे, त्याला सरळ रस्ता चालत नाही.

म्हशीचं मनावर घेऊ नको. तू "छान" म्हणालास तेव्हा मी पण हसले होते, रडता रडता.

पुस्तक मी दुपारी बागेत बसून वाचते. केळीखाली गारवा असतो आणि कोणी हाक मारत नाही. शेजारची रंभाबाई येऊन बसते. तिला अक्षर येत नाही म्हणून मोठ्याने वाचते. ओव्या आल्या की ती डोळे मिटून ऐकते. टीप आली की उठून शेळी पाहायला जाते. चार दिवसांत तिची शेळी शंभरदा पाहून झाली. हा सामान्य वाचकाचा अभिप्राय समज.

आता एक अडलेली गोष्ट विचारते, रागावू नको. पहिलीच ओवी,

मालू बैसली थडीसी । दृष्टी लावूनि पैलाडीसी ।
गाठोडें घेऊनि उशासी । वाट पाहे ॥

रंभाबाईने विचारलं, "कोणाची वाट पाहते वं ती?" मी तुझी टीप वाचून सांगितलं, नवऱ्याची. ती म्हणे, "मग गाठोडं कायले बांधलं? नवरा यायचा तर घरी येईन. त्याच्यासाठी नदीवर गाठोडं घेऊन कोण बसतं?"

मी परत पोथी उघडून पाहिली. पोथीत तर कुठेच नाही की कोणाची वाट. नुसतं 'वाट पाहे' आहे. तू शिकलेला आहेस, सांग.

वहिनीला नमस्कार.
मंगल


सिंधीपुरा
३ फेब्रुवारी २०२५

चि. मंगल हिस आशीर्वाद.

रंभाबाईंच्या प्रश्नावर मी खूप हसलो. हसताना मशीन कानातून पडून चहात गेलं. वाळवायला ठेवलंय, तोवर घरात फार शांतता आहे.

पण प्रश्न बाळबोध असला तरी उत्तर द्यायला पाहिजे. मालूच्या वाट पाहण्याबद्दल विद्वानांत तीन पक्ष आहेत. जुने लोक म्हणतात, मालू म्हणजे जीव, पैलथडीला शिव, मधे तापी म्हणजे संसार. हे मी पंधरा वर्षं वर्गात शिकवलं आणि मुलांनी पंधरा वर्षं परीक्षेत लिहिलं. दुसरा पक्ष म्हणतो, नवरा व्यापाराला गेला आहे. तिसरा पक्ष माझा. त्यात सध्या मी एकटाच आहे.

माझं म्हणणं, जुनं काव्य त्याच्या काळात ठेवून वाचावं. अकबर बादशहाने असीरगडाला वेढा घातला तो १५९९ साली. काव्य त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांचं. मालूचा नवरा किल्ल्यात अडकलेला शिपाई आहे. ती भाकरीचं गाठोडं बांधून त्याच्याकडे निघाली आहे आणि पुढे रस्ता नाही. पुरावा पाहिजे तर तेविसावी ओवी काढ. पैलथडीच्या वडांना दोर लोंबताहेत आणि ते हलताहेत, असं कवी म्हणतो. हे दोर कसले? शाही फौजेचे हत्ती बांधायचे. यावर मी चार पानं लिहिली आहेत, सोबत हत्तींच्या तळाचा नकाशा. राजघाटापाशी नदीत आहे तो दगडी हत्ती सगळ्यांना दिसतो, पण ओवीतला हत्ती दिसायला बावीस वर्षं लागतात.

पोथीचं शेवटचं पान हरवल्यामुळे मालूचं पुढे काय झालं ते कोणालाच ठाऊक नाही. काहींच्या मते तिने नदीत उडी घेतली. माझ्या मते वेढा उठल्यावर नवरा आला.

रंभाबाईंना हे समजावून सांग. पुढची पानं पाठवतोय.

आणि तू हल्ली येत नाहीस. केळीतून सुटका नसते हे मला समजतं. पण घर तुझंच आहे, कधीही ये. रिक्षा दारात मिळते.

तुझा,
दादा


बहादरपूर
१५ फेब्रुवारी २०२५

ती. दादास नमस्कार.

चहात पडलेलं मशीन चालू झालं का? झालं असेल तर वहिनीला म्हण, सावकाश बोल.

तुझे हत्ती वाचले. दादा, एक सांगते, मनाला लावून घेऊ नको. असीरगड उत्तरेला आहे. आपण लहानपणी गच्चीवरून पाहायचो, अण्णा बोट दाखवायचे. मालू बसली आहे ऐलथडीला, म्हणजे गावाच्या बाजूला, आणि तोंड नदीकडे. मग किल्ला तर तिच्या पाठीमागे आला. नवरा पाठीमागे आणि ही पुढे पाहते? मोहितला विचारलं, तो म्हणे, "मामाची गाडी रिव्हर्समध्ये आहे."

आता गाठोडं. तू लिहिलं भाकरीचं. पण अठ्ठेचाळिसाव्या ओवीत ती गाठोडं सोडते ना, त्यात भाकर कुठे आहे? उसवलेली चोळी आहे. लहान मनगटाच्या बांगड्या आहेत. बाळाचं टोपडं आहे. तू लिहिलंस की चोळी म्हणजे युद्धातली गरिबी, बांगड्या म्हणजे तिचं सौभाग्य, आणि टोपडं म्हणजे न झालेल्या मुलाचं दुःख. वाचताना मला पण रडू आलं, इतकं छान लिहिलंस. पण तसं नाहीये ते.

उसवलेली चोळी बाई नवऱ्याकडे नेत नाही. ती आईकडे नेते. सासरी आपलं शिवायला कोणाला टाइम आहे, माहेरी ओसरीत बसून आई टाके घालते. बांगड्या लहान मनगटाच्या, म्हणजे तिच्या नाहीत, भावजयीच्या आहेत. आणि टोपडं भाच्याचं. मी हे सगळं कधीतरी बांधलेलं आहे, म्हणून सांगते.

वडाचे दोर हत्तीचे नाहीत. दोन ओव्या मागे जा, कैऱ्या पाडाला लागल्या असं आहे. म्हणजे वैशाख. वैशाखात झाडाला दोर कशाचे लोंबतात, हे या मुलुखातल्या कोणत्याही पोरीला विचार. आखाजीचे झोके आहेत ते. पैलथडीला तिचं माहेर आहे. बाकीच्या लेकी आल्या, झोके खेळताहेत, आणि ही इकडे गाठोडं घेऊन बसली आहे. मुराळी यायची वाट पाहते. माहेरहून कोणी न्यायला आल्याशिवाय कशी जाईल?

रंभाबाईला हे सांगितलं तर म्हणे, "हे तर मले पहिल्या दिवशीच समजलं होतं. तुझा भाऊ कोणत्या शाळेत शिकवत होता?"

कधीही ये, असं लिहिलंस, ते वाचलं.

मंगल


सिंधीपुरा
२६ फेब्रुवारी २०२५

चि. मंगल हिस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी दुप्पट जेवलो, पण पहिल्या दिवसाचं दुःख खरं होतं.

आधी वाटलं, आठवी पास बाई, तिला काय कळतं. मग काठी घेऊन राजघाटावर गेलो. नदीकडे तोंड करून उभा राहिलो आणि मान वळवून पाहिलं. असीरगड पाठीमागे. एकाहत्तर वर्षं या गावात राहतो मी. तिथे कपडे धुणाऱ्या बाईला विचारलं, बाई, किल्ला कुठल्या बाजूला? तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं विचारायची हिंमत झाली नाही.

हत्तींची चार पानं फाडली. नकाशा ठेवलाय, त्याच्यावर मेहनत फार झाली होती. ज्योत्स्नाने तो लोणच्याच्या फळीवर अंथरला.

तू म्हणतेस ते खरं आहे. झोके, चोळी, बांगड्या, सगळं जागच्या जागी बसतं. मला इतिहास म्हणजे बादशहा आणि तोफा एवढंच दिसत आलं. आखाजी इतिहासात येते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पण मंगल, मी इतक्या सहज हरणारा नाही. रात्रंदिवस विचार करून मी तुझ्या म्हणण्याला ऐतिहासिक पाया घालून दिला आहे, तो ऐक.

काव्यात मालू अशी बारा वैशाख येऊन बसते. बारा. म्हणजे बारा वर्षं भाऊ आला नाही. का? माहेर तर समोर, नदीच्या पलीकडे. उन्हाळ्यात पाणी गुडघाभर. आवाज दिला तर ऐकू जाईल. इतक्या जवळ असलेला सख्खा भाऊ बारा वर्षं बहिणीला न्यायला येत नाही, हे शक्यच नाही. तेव्हा निष्कर्ष एकच निघतो. भाऊ मेला आहे. असीरगडाच्या वेढ्यात मेला, आणि मालूला कोणी सांगितलेलं नाही. किल्ला पाठीमागे आहे तो यासाठीच. पाहा, सगळं जुळलं. आणि शोकान्तिका किती मोठी.

यावर नवं प्रकरण लिहायला घेतलंय. सुधाकरला सांगितलं, तो म्हणाला, "सर, आखाजीपर्यंत भावाला मारून मोकळे व्हा." तुझा अभिप्राय लवकर कळव. जिवंत भाऊ येत नाही असं होऊच शकत नाही, हे तू एक बहीण म्हणून दोन ओळींत लिहून दे. परिशिष्टात छापीन, तुझ्या नावासकट.

तुझा,
दादा


सिंधीपुरा
१६ मार्च २०२५

चि. मंगल हिस आशीर्वाद.

उत्तर नाही. टपाल हरवलं की तू रागावलीस? आठवी पास म्हणालो त्याबद्दल माफी मागतो. तेच लागलं असणार. तू नववीला असतीस तर सुधाकरच्या पुढे असतीस.

दोन ओळी पाठव. छापखाना थांबलाय.

दादा


बहादरपूर
२९ मार्च २०२५

दादा,

तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं आहे. हे पण फाडेन असं वाटतं, म्हणून लिहून झाल्याबरोबर टपालपेटीत टाकणार आहे.

आठवी पासचं काही लागलं नाही. मी आठवीच पास आहे.

भाऊ मेलेला नाही, दादा. भाऊ पुस्तक लिहितो आहे.

आई होती तोपर्यंत दर आखाजीच्या दोन दिवस आधी ती तुला सायकलवर पाठवायची. तू दारात घंटी वाजवायचास आणि गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडायचास, "मंगल, चल, आईने बोलावलंय." मी पिशवी घेऊन मागे बसायचे. बहादरपूर सुटलं की सांगायचास, माझ्या वजनाने ट्यूब फुटेल. दर वर्षी तेच सांगायचास. तेहतीस वर्षं आलास. नोकरी होती तरी आलास, गुडघा दुखत होता तरी आलास.

आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. पहिल्या आखाजीला तू फोन केला. "रिक्षा करून ये ना, दहा मिनिटांचा रस्ता." बस्स. मला वाटलं, या वर्षी दुःखात आहे, पुढच्या वर्षी येईल. पुढच्या वर्षी फोन पण नाही आला. तू लिहिलंस, केळीतून सुटका नसते. दादा, केळी मोहित पाहतो. मी तर दुपारी बसून तुझ्या टिपा वाचते, इतकी मला सुटका आहे.

सहा किलोमीटर मला चालता येतात. रिक्षात बसता येतं. पण इथे आखाजीच्या आठवड्यात सगळ्या ओसरीत बसलेल्या असतात आणि पाहतात, कोणाच्या दारी मुराळी आला. ऐंशी वर्षांच्या रंभाबाईला पण तिचा भाचा येऊन नेतो, हात धरून. मी एकटी पिशवी घेऊन रिक्षात चढले तर कोणी काही म्हणणार नाही. समजून घेतील. तेच मला नको आहे. न बोलावता गेलेली लेक, असं समजून घेतलेलं मला नको.

तू म्हणशील, जुनी रीत, आजच्या काळात काय. तुझ्या सुधाकरला पण तेच पाहिजे ना. मला ठाऊक नाही. मला इतकंच ठाऊक आहे की दर वर्षी मी पिशवी भरते. एक उसवलेला ब्लाउज मुद्दाम तसाच ठेवते. वहिनीच्या मापाच्या बांगड्या घेते. आखाजी झाली की ब्लाउज स्वतः मशीनवर शिवून टाकते आणि बांगड्या डब्यात ठेवते. नऊ वर्षं झाली. वेडेपणा आहे, मी स्वतःला हसते पण. पोथी वाचताना अठ्ठेचाळिसाव्या ओवीला आले आणि मला माझीच पिशवी दिसली, म्हणून इतकं नीट सांगता आलं. विद्वत्ता नाही ती.

तुझ्या परिशिष्टात छापायला दोन ओळी मागितल्यास. ह्या घे. जिवंत भाऊ येत नाही असं होऊ शकतं. बहीण त्याच्यावर रागावत नाही, नुसती वाट पाहते.

मंगल


सिंधीपुरा
६ एप्रिल २०२५

मंगल,

पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा ज्योत्स्नाने वाचलं आणि म्हणाली, "मी दर वर्षी सांगत होते, मंगलताईंना घेऊन या." मी म्हटलं, मला कधी ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "मशीन काढून ठेवल्यावर कसं येणार? माणसं बोलली की तुम्ही मशीन काढता आणि पोथी उघडता."

हे खरं आहे. लपवून काय करू. मशीन बिघडलेलं कमी आणि काढलेलं जास्त असतं.

मला लाज वाटते. रोज सकाळी चारशे वर्षांपूर्वीच्या एका पोरीसाठी मी डोळ्यांत पाणी आणून टिपा लिहीत होतो. कोण येत नाही तिला न्यायला, कोणत्या निर्दय काळाने तिला अडवलं, यावर नऊशे टिपा. आणि वैशाख आला की घरात म्हणायचो, मंगल यंदाही आली नाही, कामात असेल. आई मला सायकलवर पाठवायची, तेव्हा मला वाटायचं मी आईचं काम करतोय. आई गेली आणि मला वाटलं, काम संपलं. ते माझंच काम होतं, हे मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असेल, तर मशीन काढलेलं असेल.

सुधाकरकडे जाऊन पुस्तक परत आणलं. तो घाबरला, म्हणाला, "सर, रागावलात का?" मी म्हटलं, नाही रे, तू 'आजच्या काळात उपयोग काय' विचारत होतास, तो मला सहा किलोमीटरवर सापडला आहे, आणायला जायचंय. त्याला काही कळलं नाही. नववीतही त्याला काही कळायचं नाही, पण या वेळी चूक माझी होती.

आखाजी ३० एप्रिलला आहे. मी २८ तारखेला सकाळी तुझ्या दारात येतो. सायकल माळ्यावरून काढली. चाकं सुधाकरने फिरवून पाहिली, दोन्ही फिरतात, पण वेगवेगळ्या दिशांना. दुरुस्तीला टाकली आहे. ज्योत्स्नाने शपथ घातली की सीटवर बसायचं नाही. तेव्हा हातात धरून चालत येईन. परत जाताना तू हवं तर पिशवी कॅरियरला लाव, आपण दोघं चालू. ट्यूबबद्दल बोलणार नाही.

एक विचारतो. मुराळ्याने सोबत काय आणायचं असतं? ती पिशवी आई भरायची आणि मी हँडलला अडकवायचो. तेहतीस वर्षं नेली, आत काय होतं ते एकदाही पाहिलं नाही.

नको म्हणालीस तरी येईन. पण नको म्हणू नकोस.

दादा


बहादरपूर
१३ एप्रिल २०२५

दादा,

सहा किलोमीटर, एकाहत्तर वर्षांचा माणूस, वैशाखातलं ऊन, आणि हातात सायकल. तुला काही दिमाग आहे का? सकाळी सातच्या आत ये. डोक्याला उपरणं बांध. नाक्यावर थांबून पाणी पी.

पिशवीत आई नारळ टाकायची, खण टाकायची, आणि तुझ्यासाठी दोन पोळ्या, कारण तू रस्त्यात भुकेला व्हायचास. खण-नारळ विसरलास तर चालेल. पोळ्या विसरू नको.

मोहित म्हणे, मी मामाला गाडीत बसवून आणतो. मी त्याला सांगितलं, तू त्या दिवशी मंडीतून उशिरा ये.

आणि दारात उभा राहून हळू बोलू नको. तुला आजकाल वाटतं तू ओरडतोस, पण तुझा आवाज खाली गेला आहे. तीनदा हाक मार. मी पहिल्या हाकेला बाहेर येणार नाही, आधीच सांगून ठेवते, घाबरून परत जाऊ नको.

मशीन लावून ये.

मंगल


सिंधीपुरा
१ मे २०२५

दादा,

तू पुढच्या खोलीत जेवून पडला आहेस. मशीन टेबलावर, चष्म्याच्या बाजूला. हाक मारली, ऐकू गेली नाही, म्हणून लिहिते. टपालात टाकणार नाही. उशाशी ठेवते.

२८ तारखेचं राहून राहून आठवतं. तू सव्वासात वाजता आलास, सायकलची चेन उतरलेली, हात काळे, उपरणं गळ्यात, डोकं उघडंच. दोन हाका मारल्यास. मी दाराच्या मागेच उभी होते, तिसऱ्या हाकेची वाट पाहत. तिसरी आलीच नाही, कारण तुला खोकला लागला. मग ओसरीतून रंभाबाई ओरडली, "मंगल, बाहेर ये वं, तुझा भाऊ आला." गल्लीतल्या सगळ्या बायांनी ऐकलं. तुझ्या आवाजात ऐकायचं ठरलं होतं, पण हे जास्त चांगलं झालं.

रस्त्यात आपण पाच ठिकाणी बसलो. पोळ्या नाक्यावरच संपल्या. तू खरंच ट्यूबबद्दल काही बोलला नाहीस. मला थोडं वाईट वाटलं.

नऊ वर्षांच्या बांगड्या वहिनीला एकदम दिल्या. तिने सगळ्या घालून पाहिल्या. शेवटच्या तीन वर्षांच्या नीट बसल्या. पहिल्या सहा वर्षांच्या चढल्याच नाहीत. तेव्हा मी जुन्या मापाच्याच घेत गेले, पण मनगट थांबलं नाही, मग अंदाजाने माप वाढवलं होतं. मग तिघंही हसलो. वहिनी हसता हसता पदराने डोळे पुसत होती, ते तू पाहिलंस की नाही ठाऊक नाही.

ब्लाउज तिने शिवून दिला. टाका आईसारखा बारीक नाही. चालेल.

टेबलावर तुझ्या शेवटच्या प्रकरणाचं पान आहे, वर नाव लिहिलेलं, खाली कोरं. सकाळी तू त्याच्यासमोर तासभर बसला होतास. तुला सुचत नाही, म्हणून सामान्य वाचक म्हणून मी सांगते. मालूचा भाऊ आला की नाही, हे कोणाला ठाऊक नाही, शेवटचं पान हरवलं आहे. त्याला मारू नको, आणि खोटं आणू पण नको. माझा आला. उशिरा आला, चालत आला. वाटलं तर इतकं लिही, नाहीतर कोरं ठेव.

चार वाजता मोहित मला न्यायला येतो आहे. तोपर्यंत उठ आणि मशीन लाव. निघताना मला काहीतरी बोलायचं असेल.

मंगल